फौजेच्या वाटेने आलेली उपासना

यवतमाळ जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास सांगू जाणाऱ्याने कापसापासून आरंभ करावा अशी रूढी पडून गेली आहे आणि ती निराधारही नाही. परंतु या मुलखाचे भवितव्य ज्या कागदाने ठरविले त्या कागदाचा विषय कापूस नव्हता, फौजेचा पगार हा होता. निजाम सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात २१ मे १८५३ रोजी जो तह झाला, त्याअन्वये हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत कंपनीच्या हवाली झाले. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्या एवढा त्या फौजेचा तहात ठरलेला आकार होता. तिचा पगार वर्षानुवर्षे तुंबत आलेला, कंपनीने आपल्या तिजोरीतून भरलेल्या रकमांचे कर्ज निजामाच्या माथ्यावर चढत गेलेले, आणि इजारदार व सावकार यांच्या हाती गेलेल्या परगण्यांतून वसूल तर वेळेवर येईनासा झालेला, अशा स्थितीत मुलूखच गहाण पडला. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र कंपनीनंतर आलेल्या ब्रिटिश सरकारच्या ताब्यातच राहिले, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालिना पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. वणी, केळापूर, दारव्हा येथील काळ्या रानात ज्या कुणब्याने ज्वारी आणि कापूस पिकविला, त्याने भरलेल्या साऱ्यावर पहिला हक्क अर्धशतकभर शिपायाच्या पगाराचा होता, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासकाराने विसरू नये असे मला वाटते.

ज्या वाटेने फौज आली त्याच वाटेने या प्रदेशात ख्रिस्ती उपासनाही आली. या दोहोंचा संबंध सांगताना सामान्यतः एक ढोबळ विधान केले जाते की, राज्यकर्त्यांच्या तलवारीमागे त्यांचा धर्म चालत आला. हे विधान पूर्णतः खोटे नसले तरी त्यातून खरी हकीकत निसटून जाते. कंपनी सरकार दीर्घकाळ मिशनऱ्यांविषयी साशंकच होते, आणि छावणीत जे धर्मकार्य उभे राहिले ते सरकारी हुकुमाने नव्हे, तर एकेकट्या सैनिकी अधिकाऱ्यांच्या खासगी श्रद्धेतून, त्यांच्या संसारातील सुखदुःखांतून आणि बहुतेक वेळा त्यांच्या स्त्रियांच्या प्रेरणेतून उभे राहिले. किंबहुना, कागदपत्रे वाचीत गेले असता असे दिसते की, शिपायाने जेथे आपली धर्मनिष्ठा गृहस्थ म्हणून आचरली तेथे तिने मूळ धरले, आणि जेथे ती अधिकारी म्हणून हुकुमाच्या रूपाने बजावली तेथे ती त्याच्या स्वतःच्याच अंगावर आली.

या नात्याचा एक जुना दाखला पेशवाईतला आहे. पुण्याच्या नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ जे ‘सिटी चर्च’ उभे आहे, त्याची जमीन सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली आहे. पेशव्यांच्या लष्करात चाकरीस असलेल्या दॉम मिगेल दे नोरोन्या या पोर्तुगीज सरदाराने आपल्या हाताखालील ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी जागा मागितली, ती दरबाराने मंजूर केली, आणि १७९२ च्या डिसेंबरात तेथे पहिली उपासना झाली. आज दिसणारी इमारत पुढच्या शतकातली आहे. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांच्या राजधानीत परधर्मीय शिपायाच्या श्रद्धेला जागा मिळते, आणि तीही चाकरीचा मोबदला म्हणून नव्हे तर चाकराच्या माणूसपणाची गरज म्हणून मिळते, यात त्या दरबाराचे जे औदार्य प्रकट झाले त्याची आठवण आज अगत्याने ठेवली पाहिजे. शिपाई आपले घर मागे ठेवून येतो. परमुलखात त्याचे घर आणि त्याचे देवालय या दोन्ही वस्तू पुष्कळदा एकाच छपराखाली येतात.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांतच त्या पेशवाईचा शेवट झाला, आणि त्या शेवटाच्या वाटचालीतील एक मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातच आहे. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना मिळावे म्हणून चांद्याच्या रोखाने धावत आलेल्या दुसऱ्या बाजीरावाची वाट इंग्रजी पलटणींनी अडविली, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सने पांढरकवड्याच्या परिसरात त्याच्या फौजेची दाणादाण उडविली. या पराभवाची बखर येथे सांगावयाची नाही. पण त्यानंतर नागपूरच्या राज्यावर तैनाती फौजेचे जे ओझे कायमचे बसले, त्यातून १८२१ साली कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली, आणि आपल्या विषयाचा पहिला माणूस त्या छावणीतला आहे.

कॅप्टन विल्यम हिल हा मद्रास लष्कराचा अधिकारी कामठीस होता. त्याची पत्नी लेडी जेन ही अत्यंत भाविक स्त्री होती. भोसल्यांच्या राज्यात, विशेषतः डोंगराळ भागातील गोंड लोकांत, शिक्षण आणि ख्रिस्ती धर्म यांचा प्रसार व्हावा अशी तिची उत्कट इच्छा होती. ती मरण पावली. पत्नीवियोगाने खचलेला एखादा अधिकारी तिच्या थडग्यावर संगमरवराची शिळा बसवून स्वस्थ बसला असता, आणि कामठीच्या जुन्या दफनभूमीत अशा शिळांना तोटा नाही. परंतु हिलने तिच्या इच्छेलाच तिचे स्मारक मानले आणि नागपूरकडे मिशन निघावे यासाठी २,५०० पौंडांची देणगी देऊ केली. त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्याच्या मिळकतीकडे पाहता ही रक्कम लहान नव्हती. एका कॅप्टनाने अनेक वर्षांच्या चाकरीतून, परदेशातील उन्हातान्हात आणि तापात काढलेल्या दिवसांतून, संसारासाठी शिल्लक टाकलेला तो पैसा असावा, आणि संसारच मोडल्यावर तो त्या संसाराच्या नावाने दुसऱ्यांच्या लेकरांच्या शिक्षणाकडे वळला.

हा संकल्प सहज सिद्धीस गेला नाही. गोंडांच्या मुलखात काम करण्यासाठी जर्मनीतील पाद्री गॉस्नर यांनी पाठविलेली कारागीर-मिशनऱ्यांची एक तुकडी अमरकंटकच्या बाजूस करंजिया येथे आली होती. पटकीच्या साथीने त्यांच्यातील बहुतेकांचा बळी घेतला, आणि जे उरले ते अखेरीस नागपूरच्या आश्रयाला आले. तिकडे १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि सरकारी आश्रय सोडून बाहेर पडलेल्यांनी स्वतंत्र ‘फ्री चर्च’ स्थापिले. या सर्व धामधुमीतून वाट काढीत, मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या पुरस्काराने, स्टीफन हिस्लॉप हा तरुण धर्मोपदेशक आपल्या पत्नीसह १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचला. पुढची अठरा वर्षे त्याने शाळा चालविल्या, दगडधोंडे आणि जीवाश्म गोळा करून भूगर्भशास्त्रात नाव मिळविले, गोंडांच्या चालीरीती आणि भाषा टिपून ठेवल्या, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात तो घोड्यावरून वाहून गेला. त्याची टिपणे सर रिचर्ड टेंपलने १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून नागपुरास आहे, आणि विदर्भातील शेकडो वकील, शिक्षक, संपादक त्या कॉलेजातून शिकून बाहेर पडले, त्यांत यवतमाळकडील विद्यार्थीही असणारच. त्या कॉलेजाच्या उगमाशी एका कॅप्टनाची मृत पत्नी आहे, हे त्या कॉलेजातून शिकून गेलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लेडी जेनचे नाव तेथील विद्यार्थ्यांना कुणीतरी सांगावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुसरा माणूस याहून पुष्कळ प्रसिद्ध आणि पुष्कळ वादग्रस्त. कॉलिन मॅकेन्झी याचा जन्म १८०६ चा. १८२५ साली तो मद्रास लष्करात दाखल झाला, कुर्गच्या मोहिमेत लढला, मलाक्काच्या सामुद्रधुनीत चाच्यांचा बंदोबस्त करण्याच्या कामावर गेला, आणि नंतर त्याच्या नशिबी अफगाणिस्तान आले. १८४१ च्या नोव्हेंबरात काबूलमध्ये उठाव झाला तेव्हा शहराबाहेरच्या रसदखान्याच्या गढीत तो मूठभर शिपायांनिशी अडकला. दोन दिवस त्याने ती गढी लढविली. दारूगोळा संपला, मदत आली नाही, तेव्हा गढीतील बायकामुलांसह रात्रीच्या अंधारात शत्रूतून वाट काढीत तो छावणीत पोहोचला. २३ डिसेंबरला वाटाघाटीसाठी गेलेल्या सर विल्यम मॅकनॉटन या इंग्रज वकिलाचा खून झाला त्या वेळी मॅकेन्झी त्याच्याबरोबर होता. तो जिवानिशी वाचला आणि पुढे उठावाचा म्होरक्या अकबरखान याच्याकडे ओलीस राहिला. त्या ओलीसपणातील एक प्रसंग या माणसाचा स्वभाव सांगण्यास पुरेसा आहे. जलालाबादेस येऊन पोहोचलेल्या जनरल पॉलकशी बोलणे लावण्यासाठी अकबरखानाने मॅकेन्झीलाच वकील म्हणून धाडले. परत येण्याचे वचन घेतलेले होते. एकदा आपल्या लोकांच्या छावणीत, आपल्या तोफांच्या आड सुखरूप पोहोचल्यावर कैदखान्याकडे पुन्हा तोंड वळविण्यासाठी वचनाखेरीज दुसरे कोणतेही बंधन त्याच्यावर नव्हते. आणि तो परत गेला. परत गेला, आणि पुन्हा पाठविला तेव्हा पुन्हा परत आला, तोवर तापाने त्याला अंथरुणाला खिळविले.

त्याची पहिली पत्नी ॲडेलिन १८३६ सालीच वारली होती. काबूलहून सुटून आल्यावर १८४३ साली त्याने एका नौसेनाधिकाऱ्याची मुलगी हेलन डग्लस हिच्याशी विवाह केला, आणि या विदुषीमुळेच आपल्याला मॅकेन्झीच्या घराचा आतला भाग पाहावयास मिळतो. लुधियान्यास शीख पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे होते तेव्हापासून तिने जे लिहून ठेवले, ते १८५३ साली ‘लाइफ इन द मिशन, द कॅम्प अँड द झेनाना’ या ग्रंथरूपाने लंडनला निघाले. या ग्रंथाच्या शीर्षकातील तीन स्थळे, मिशन, छावणी आणि जनानखाना, ही तिच्या दृष्टीने एकाच जीवनाची तीन दालने होती. सकाळी कवायत, दुपारी मिशनच्या शाळेची चौकशी, तिसऱ्या प्रहरी एखाद्या अफगाण किंवा हिंदुस्थानी कुटुंबातील स्त्रियांची भेट, रात्री घरची प्रार्थना. पुरुष अधिकाऱ्यांना ज्या घरांत पाऊल टाकता येत नव्हते त्या घरांत ती बसली, बोलली आणि तेथील बायकांना नावाने ओळखू लागली. तिच्या मतांत त्या काळच्या इंग्रज धर्मनिष्ठेचा ताठा आहे, आपल्या धर्मापुढे इतरांचे सारे अज्ञान असे मानण्याची सवय आहे, आणि ते वाचताना आपल्याला वाईट वाटल्यावाचून राहत नाही. पण माणसे पाहण्याची तिची नजर तिच्या मतांहून उदार आहे.

१८५० च्या सुमारास मॅकेन्झीची नेमणूक निजामाच्या फौजेतील एलिचपूर विभागाचा ब्रिगेडियर म्हणून झाली, आणि हे कुटुंब वऱ्हाडात आले. ज्याला आपण आज अचलपूर म्हणतो त्या इमादशाहीच्या जुन्या राजधानीजवळ परतवाड्यास छावणी होती. वऱ्हाड अजून निजामाचे होते, तह व्हावयाचा होता. पण फौज इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालीच चालली होती. मग मॅकेन्झीची बदली हैदराबादेजवळच्या बोलारम छावणीत झाली, आणि तेथे सप्टेंबर १८५५ मध्ये त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग घडला.

मोहरमचे दिवस होते. मिरवणुकांच्या दिवसांत रविवार येत होता, आणि ख्रिस्ती शब्बाथाच्या दिवशी छावणीतून वाजतगाजत मिरवणूक जाऊ नये असा हुकूम ब्रिगेडियरने काढला. कंटिंजंटच्या घोडदळात मुसलमान स्वारांचा भरणा मोठा; मोहरम हा त्यांच्या वर्षातील सर्वांत हळवा काळ; आणि छावणीत ताबूत काढण्याची वहिवाट जुनी. हुकुमाने लोक दुखावले. मागाहून त्या हुकुमात काही ढिलाई करण्यात आली, पण बोल गेला तो गेलाच. २१ सप्टेंबरच्या संध्याकाळी मिरवणूक वाद्यांच्या गजरात त्याच्या बंगल्याच्या बाजूने आली, तेव्हा तो स्वतः बाहेर पडून तिला आडवा गेला. तिसऱ्या रिसाल्याच्या स्वारांनी तलवारी उपसल्या. मॅकेन्झीला दहा जखमा झाल्या; तो जगला हेच आश्चर्य. सरकारने चौकशीअंती स्वारांच्या कृत्याचा धिक्कार केला, पण त्याचबरोबर ब्रिगेडियरचे वर्तनही अविचाराचे ठरविले, आणि हा ठपका त्या मानी माणसाला जन्मभर डाचत राहिला.

चरित्रकार या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहतात. कुणी त्याला धर्मवीर ठरवितो, कुणी दुराग्रही. माझ्या मते तो दोन्ही नव्हता. जो माणूस शत्रूला दिलेले वचन पाळण्यासाठी कैदेत परत जातो, तो आपल्या रविवारचे पावित्र्यही तितक्याच कडकपणे पाळणार हे उघड आहे. त्याची चूक एवढीच की, स्वतःच्या अंतःकरणाशी केलेला करार त्याने इतरांच्या सणावर हुकूम म्हणून लादला. ज्या निष्ठेने त्याला काबूलमध्ये थोर केले त्याच निष्ठेने त्याला बोलारममध्ये घायाळ केले. ताबूतापुढे छाती पिटणाऱ्या स्वारालाही घर होते, त्याची आईही करबल्याच्या हकिकती सांगत आली होती, हे जनानखान्यात बसून आलेल्या हेलनच्या नवऱ्याला कळावयास हवे होते. दोन वर्षांनी, १८५७ साली, उत्तरेत जे बंड भडकले त्याच्या कारणांत अशाच आज्ञांचा आणि अशाच संशयांचा वाटा होता.

मॅकेन्झी लेफ्टनंट-जनरल होऊन निवृत्त झाला आणि १८८१ च्या ऑक्टोबरात एडिंबरोस वारला. तीन वर्षांनी हेलनने ‘स्टॉर्म्स अँड सनशाइन ऑफ अ सोल्जर्स लाइफ’ या नावाने त्याचे दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. पतीवरील ठपक्याचे क्षालन करण्याचा हेतू त्यात स्पष्ट दिसतो, आणि म्हणून ते इतिहास म्हणून सावधपणे वाचावे लागते. परंतु निवृत्त सैनिकाचे उत्तरायुष्य, त्याचे कुटुंब, त्याची चर्चमधील बैठक, त्याला भेटायला येणारी माणसे यांचे इतके जवळून घेतलेले चित्र वऱ्हाडाशी संबंध आलेल्या दुसऱ्या कुठल्याही इंग्रज अधिकाऱ्याविषयी माझ्या वाचनात नाही.

ज्या वर्षी मॅकेन्झी वारला, त्याच वर्षी, म्हणजे १८८१ साली, अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य हिंदुस्थानात उतरले. बुऱ्हाणपूर, एलिचपूर अशी त्यांची कामाची क्षेत्रे होती. ते शिपाई नव्हते. त्यांचा फ्री मेथडिस्ट पंथ १८६० साली न्यूयॉर्क राज्यात निघालेला. गुलामगिरीला विरोध, आणि प्रार्थनामंदिरातील बैठका श्रीमंतांना भाड्याने देण्याच्या चालीला विरोध, या दोन गोष्टींसाठी तो मूळ मेथडिस्ट मंडळीपासून वेगळा झाला होता. आरंभी वॉर्ड पतिपत्नींनी कोणत्याही मंडळाच्या ठरीव वेतनाचा आधार घेतला नाही. ज्या एलिचपुरात ब्रिगेडियरचा बंगला आणि त्याच्या दाराशी पहारा होता, तेथे पहाऱ्याशिवाय आणि हुकुमाशिवाय राहणारी ही गोरी माणसे लोकांना निराळी वाटली असली पाहिजेत. पुढे या पंथाचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात यवतमाळला आले.

तेव्हा जिल्ह्याचे नाव वणी होते. यवतमाळ हे ठाण्याचे गाव असले तरी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ साली, पुसद तालुका त्याला जोडला गेला तेव्हा, मिळाले. सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक धामणगाव, सुमारे २९ मैलांवर. तेथून खाचर, दमणी किंवा टांगा. मूर्तिजापूरहून येणारी छोटी रेल्वे, जिला लोक पुढे लाडाने शकुंतला म्हणू लागले, ती विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. त्याआधी १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड पिळून काढले. पहिल्यात जे तगले ते दुसऱ्यात मोडले. आईबाप मेलेली, टाकलेली, रस्त्यावर आलेली मुले मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, आणि यवतमाळच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील कित्येक घराण्यांचा आरंभ त्या अनाथाश्रमाच्या हजेरीपटात आहे. दुष्काळात भुकेल्या लेकराला अन्नाबरोबर धर्म मिळाला याबद्दल तेव्हाही टीका झाली, आजही होते. ती टीका करण्याचा अधिकार आहे, पण त्या वर्षी त्या लेकराला भाकरी देणारे इतर हात किती पुढे आले हेही टीकाकाराने मोजावे.

याच सुमारास फौजेचाही हिशेब मिटला. १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या. त्यांपैकी एकीला ‘शहाण्णवावी बेरार इन्फंट्री’ हे नाव मिळाले. तिचा वंश पुढे हैदराबाद रेजिमेंटमार्फत कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेला, आणि तेथील दुसऱ्या बटालियनच्या नावामागे ‘बेरार’ हा शब्द टिकून राहिला. ज्या मुलखाच्या साऱ्यावर ही फौज पोसली गेली त्या मुलखाचे नाव आज हिमालयाच्या पायथ्याच्या शिपायांनी सांभाळले आहे.

आता तिसरा माणूस, आणि हा थेट यवतमाळ जिल्ह्याचा. फ्री मेथडिस्ट मिशनच्या कॅसबर्ग कुटुंबात हिंदुस्थानातच जन्मलेला मेल्व्हिन कॅसबर्ग अमेरिकेत जाऊन शल्यवैद्य झाला आणि केळापूर तालुक्यातील उमरी येथील मिशन रुग्णालयात कामाला परत आला. केळापूर म्हणजे सागाचे जंगल, हिवतापाची घरे, गोंड, कोलाम आणि परधान यांच्या वस्त्या. पावसाळ्यात चिखलात चाके रुतून बसावीत अशा वाटा. रोगी यायचा तो बैलगाडीत कडब्यावर निजवलेला, आणि त्याच्यामागे सारे घर. नवरा, सासू, कडेवरचे पोर, पाण्याची घागर, पिठाचे गाठोडे, आणि दुधाची सोय म्हणून कधी एखादी शेळीसुद्धा. रुग्णालयाच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून ही मंडळी भाकरी थापीत बसायची आणि आत शस्त्रक्रिया चालायची. अशा रुग्णालयांत नातेवाइकांना बाहेर काढण्याचा नियम करणारा डॉक्टर टिकत नाही, कारण औषध डॉक्टरांचे असले तरी रोग्याचा धीर त्या चुलीवरच शिजतो.

दुसऱ्या महायुद्धात कॅसबर्ग अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय दलात गेला आणि चीन-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने सेवा केली. युद्धानंतर त्याची कारकीर्द फार उंचावर गेली. अमेरिकन सशस्त्र दलांच्या वैद्यकीय धोरण मंडळाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, आणि १९५३ साली आयझेनहॉवरच्या राजवटीत आरोग्य व वैद्यकविषयक साहाय्यक संरक्षणमंत्री या नव्याने निर्माण झालेल्या पदावर नेमला गेलेला तो पहिला माणूस ठरला. केळापूरच्या कोलामाच्या पोटावर ज्याने चाकू चालविला त्याच माणसाने वॉशिंग्टनमध्ये लक्षावधी सैनिकांच्या आरोग्याचे धोरण आखले. उतारवयात त्याने हिंदुस्थानच्या पार्श्वभूमीवर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या; बालपण ज्या देशात गेले त्या देशाचा वास त्याच्या मनातून गेला नव्हता.

हिल, मॅकेन्झी आणि कॅसबर्ग यांना एका ओळीत उभे करताना मला त्यांच्या कालखंडांतील अंतराचे भान आहे. हिलच्या देणगीचा आणि उमरीच्या रुग्णालयाचा कागदोपत्री काही संबंध नाही. एक स्कॉटिश, एक अमेरिकन, दोन वेगळ्या मंडळ्या. पण ज्या गोंडांसाठी लेडी जेन तळमळली, त्या गोंडांच्या दाराशी दवाखाना आला तो तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ शतकाने, आणि तेव्हाही तो एका मिशनरी घरातून, आईबापांच्या कामाकडे परतलेल्या मुलाच्या हातून आला. वॉर्ड दांपत्याचे चरित्रही त्यांच्याच मुलीने, एथेलने, लिहिले. या साऱ्या इतिहासाची साधने म्हणजे पत्नीने लिहिलेले पतीचे चरित्र, मुलीने लिहिलेले आईबापांचे चरित्र. सरकारी दप्तरात मॅकेन्झीच्या दहा जखमा आहेत; त्या जखमा कुणी धुतल्या हे घरच्या माणसाच्या लेखणीतूनच कळते.

यवतमाळच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढचा इतिहास परदेशी माणसांचा उरला नाही. रविवारी सकाळी ‘उपासना संगीत’ उघडून पेटी-तबल्याच्या साथीने भजने म्हणणारी, अभंग आणि ओवी या छंदांत येशूचे गुण गाणारी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते तोंडपाठ असणारी ही मंडळी पूर्णपणे मराठी झाली. तिच्यात पाळक आणि वडीलमंडळ हे कारभार पाहतात, आणि वडीलमंडळावर शिक्षक, परिचारिका, तलाठी यांच्याबरोबर पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेला फौजी असणे यात कुणाला नवल वाटत नाही. विदर्भात सैन्यभरतीला दुसऱ्या महायुद्धाने मोठी चालना दिली; महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण कामठीला. कामठी म्हणजे हिलचीच छावणी. पण आता तेथे भरती होणारा शिपाई या मातीतला होता, आणि सुट्टीवर घरी येताना तो ज्या देवळात, विहारात, मशिदीत किंवा चर्चमध्ये जाई ते त्याच्या गावचे होते.

१९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. फ्रँक क्लाइन तिचे पहिले प्राचार्य. ज्या गावात शतकापूर्वी पाद्री म्हणजे काय हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते, तेथे निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे तरुण पाळक होण्यासाठी येऊ लागले. नागालँडचा आणि तामिळनाडूचा विद्यार्थी यवतमाळच्या बाजारात मोडक्या मराठीत भाजीचा भाव करताना दिसे. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, ती संस्था पुण्यास बिबवेवाडी येथे हलली. मंडळी मात्र यवतमाळातच राहिली, आणि दर रविवारी तिची उपासना मराठीतच होते.